आमटीची पिशवी

खानावळीतून उकळती आमटी पातळ प्लास्टिकच्या पिशवीत बांधून येते, तेव्हा हल्ली जीव धसकतो. उष्णता आणि तेल यांच्या संगतीनं प्लास्टिकमधली रसायनं अन्नात जास्त उतरतात. पॉलिकार्बोनेटमधलं बिस्फेनॉल-ए, मऊ पीव्हीसीमधली थॅलेट्स शरीरातल्या संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करतात. म्हणून गर्भार सुनेची नि होणाऱ्या बाळाची काळजी मला अधिक वाटते. राज्यात २०१८ पासून अशा पिशव्यांवर बंदी आहे, तरी ही आमटी अजून तशीच येते!

आता आमटी आणायला स्टीलचा डबा नेतो. लोणचं चिनीमातीच्या बरणीत, मायक्रोवेव्हमध्ये फक्त काच. कोरड्या डाळींचे जुने प्लास्टिकचे डबे मात्र राहू दिलेत, तिथं धोका कमी. तुम्हीही सगळं एकदम बदलायला जाऊ नका. आधी गरम आणि तेलकट पदार्थ प्लास्टिकमधून बाहेर काढा.