तांबडी शाई

मराठीच्या प्राध्यापकाच्या खिशात दोन पेने असतात. एक निळे, स्वतःची सही करायला. दुसरे तांबडे, दुसऱ्यांचे लिहिणे खोडायला. निळे पेन मी वरचेवर विसरतो. तांबडे मात्र इतक्या वर्षांत एकदाही घरी राहिलेले नाही. आमच्या मंडळींचे म्हणणे असे की, वाण्याची यादी हातात दिली तरी मी आधी तिच्यातले ऱ्हस्व-दीर्घ सुधारतो आणि मग साखर विसरून येतो.

लातूरला आमच्या महाविद्यालयाचे वार्षिक निघते. त्यात लिहिणाऱ्या मुलांना ‘मार्गदर्शन’ करण्याचे काम माझ्याकडे आहे. प्रेमाच्या कविता मी फारशा वाचत नाही. त्या आपोआप छापल्या जातात. पण अलीकडे देवाधर्मावर लिहिणारी मुले बरीच येतात. कुणाचे वडील कीर्तनकार, कुणाच्या घरी पारायणाची परंपरा. घरात शब्दांची श्रीमंती मोठी, पण कागदावर ती उतरली की प्रत्येक संत ‘थोर’ आणि प्रत्येक वाट ‘पावन’ होते. अशा लेखांवर माझी तांबडी शाई पाण्यासारखी वाहते.

औसा तालुक्यातल्या एका खेड्यातली मुलगी असाच एक लेख घेऊन आली. विषय होता तिची आजी. वीरशैव संतकवी मन्मथस्वामींची समाधी बीड जिल्ह्यात कपिलधारला आहे. कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेला मराठवाड्यातून माणसे दिंड्यांनी चालत जातात. आजी दर वर्षी जाते. तिला अक्षरओळख नाही, पण स्वामींच्या ‘परमरहस्या’तल्या ओव्या ऐकून ऐकून पाठ आहेत. इथपर्यंत ठीक होते. पुढे लिहिले होते, ‘एकदा वाटेत माउली आजीबरोबर चार पावले चालली.’

मी समासात लिहिले, ‘पुरावा?’ आणि खाली, ‘भाबडेपणा टाळा.’

आठ दिवसांनी लेख पुन्हा आला. भाबडेपणा गेला होता. आजीही गेली होती. उरली होती ती ‘वीरशैव संप्रदायातील भक्तिसंकल्पना’. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. मी ‘छान’ असा शेरा मारला, आणि का कोण जाणे, त्या रात्री मला झोप आली नाही.

अशा वेळी मी नांदेडची एस.टी. धरतो. अहमदपूर, लोहा करीत गाडी नांदेडला पोहोचते तोवर अर्धी अडचण हादऱ्यांनीच सुटलेली असते. उरलेल्या अर्धीसाठी तिथे आमचे सर आहेत. सेवानिवृत्त झाले, पण शिकवणे सुटलेले नाही. पीपल्स कॉलेजात ते नरहर कुरुंदकरांचे विद्यार्थी. कुरुंदकर स्वतःला नास्तिक म्हणवीत. तरी मनुस्मृतीवर बोलायचे झाले तर ग्रंथ आधी मुळातून वाचून. हा वारसा त्यांना घरातूनही मिळाला असावा. त्यांचे मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर हैदराबादला उस्मानिया विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक. मुक्तेश्वर आणि मोरोपंत यांची भारते शेजारी शेजारी ठेवून त्यांनी तपासली. भाच्याची स्वारी इंटरला नापास होत राहिली, पण मामांच्या घरातली पुस्तके काही नापास झाली नाहीत. पुढे तोच भाचा पीपल्स कॉलेजचा प्राचार्य झाला. १९८२ साली ते गेले तेव्हा वयाची पन्नाशीही उलटली नव्हती.

सरांपुढे मी दोन्ही लेख ठेवले. त्यांनी पहिला वाचला, दुसरा वाचला, चष्मा पुसला.

“ही तांबडी शाई कुणाची?”

“माझी.”

“मग दुसरा लेखही तुझाच म्हण की. पोरीचं नाव कशाला खाली?”

मी गप्प.

थोड्या वेळाने त्यांनी कपाटातून ‘श्रीमान योगी’ काढली. रणजित देसाईंना कुरुंदकरांनी लिहिलेले ते लांबलचक पत्र प्रस्तावना म्हणून छापलेले आहे. वाचकांपैकी पुष्कळांनी ते पाहिले असेल. सर म्हणाले, “बघ, सांगायचं ते सगळं सांगितलंय. पण पत्र कुरुंदकरांचं आणि कादंबरी देसाईंची. मामला तिथंच थांबतो.” मग पहिल्या लेखावर बोट ठेवून म्हणाले, “माउली चालली की नाही, हे तुला कळणार नाही आणि मलाही नाही. पण आजी तसं सांगते, एवढं तर पक्कं? मग ती ते कधी सांगते, कुणाला सांगते, हे पोरीला विचारून यायला सांग. पुरावा मागायचाच तर असा मागावा.”

लातूरला येऊन मी मुलीला बोलावले. माझा शेरा चुकला होता हेही सांगितले. प्राध्यापकाला हे वाक्य फार अवघड जाते.

दिवाळीच्या थोडे आधी ती आली. उभ्या उभ्याच बोलली.

“आजी म्हणायली, ती गोष्ट सगळ्यांना सांगायची नसती. पहिल्यांदा भूकंपात सांगितली.”

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. किल्लारीचे नाव त्या दिवशी साऱ्या जगाला कळले. हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. मी तेव्हा शाळेत होतो. जमिनीखालून मालगाडी जावी तसा तो आवाज अजून आठवतो. या मुलीच्या गावीही घरे पडली. पुढे पत्र्याच्या शेडमध्ये आजीच्या शेजारी एक बाई होती. तिची दोन्ही मुले गेली होती. ती रडत नव्हती आणि जेवतही नव्हती. तिसऱ्या रात्री आजीने तिला ती चार पावले सांगितली. सकाळी बाईने भाकरी मागितली.

“नंतर आजीनं कुणाला सांगितली, तर ज्याच्या घरात असं काही झालं त्यालाच.”

माझा हात आपोआप खिशाकडे गेला. “अगं, इथूनच लेख सुरू कर!”

ती काही बोलेना. मग हळूच म्हणाली, “सर, त्या काकू आमच्या शेजारीच राहतात.”

नाव बदल म्हटले, गाव बदल म्हटले. “गावात तसली एकच आहे, सर. कुणीबी ओळखील.” वर्गात कधी मान वर न करणारी ही मुलगी माझ्या डोळ्याला डोळा भिडवून उभी होती. मी पेन होते तिथेच राहू दिले.

कार्तिकीला आजी निघते तेव्हा काकूही बरोबर असतात. यंदा ही मुलगीही चालत जाणार आहे. वाटेत काकूंना विचारीन म्हणते.

वार्षिकाच्या संपादकांना मी दोन पाने रिकामी ठेवायला सांगितली आहेत. लेख नक्की येणार ना, असे ते रोज विचारतात. मी म्हणतो, माझ्या हातात नाही.