बारीक पाते, जाड पाते

तिरोड्याच्या बाजारात चाळीस वर्षे धान-तांदळाचा व्यापार केलेल्या एका गृहस्थांनी पासष्टाव्या वर्षी दुकानाची गादी मुलाकडे सोपविली आणि घरामागच्या पडवीत एक लहानसे यंत्र आणून मांडले. ते यंत्र म्हणजे स्क्रोल सॉ, अर्थात जागच्या जागी वेगाने खाली-वर होणारी, दोऱ्यासारख्या पात्याची नक्षीकामाची करवत. घरच्यांना वाटले, चार दिवसांची हौस आहे. त्यांच्या मनात मात्र एक निश्चित काम होते.

त्यांच्या मातोश्रींचे वय सत्त्याऐंशी. रोजचा स्वाध्याय त्यांनी कधी चुकविला नाही. पण अलीकडे हात थरथरू लागल्याने पोथी हातात स्थिर राहत नसे. चातुर्मासाला दोन महिने उरले होते. बाजारात ठवण्या पुष्कळ मिळतात. परंतु माळ्यावर वडिलांच्या काळातील गल्ल्याच्या पेटीचे सागवानी झाकण पडून होते. त्याच फळीची जाळीदार ठवणी आपल्या हाताने करावी, असे त्यांनी ठरविले. नवे झाड तोडण्याचा प्रश्न नव्हता. फळीत कुठे कीड नाही ना, बारीक छिद्रांतून ताजा भुसा तर पडत नाही ना, हे त्यांनी दोन दिवस उन्हाच्या उजेडात तपासून घेतले. फळी निर्दोष होती. पण ती एकच होती.

यंत्राबरोबर आलेली पाती थोडी होती, म्हणून ते नागपूरला गेले. तेथे दुकानदाराने पात्यांची पाकिटे समोर ठेवली. प्रत्येकावर क्रमांक होता. शून्याच्या खालचे दोन-शून्य, तीन-शून्य हे अतिबारीक. एक, तीन, पाच, सात असा क्रमांक वाढत जाईल तसे पाते रुंद व जाड आणि दाते मोठे. गृहस्थांनी क्षणभर विचार केला. ज्या मुलखात एचएमटीसारख्या बारीक तांदळाला जाड तांदळापेक्षा चढा भाव मिळतो, त्या मुलखातील व्यापाऱ्याची नजर बारीक मालावरच जाणार. शिवाय घाऊक घेतल्यास डझनामागे सूट होती. त्यांनी दोन-शून्य क्रमांकाची बारा डझन पाती घेतली आणि चांगला सौदा केल्याच्या समाधानात गाडीत बसले.

आल्या दिवशीच त्यांनी फळी यंत्रावर घेतली. आधी टाकाऊ तुकड्यावर हात बसवावा, एवढा धीर राहिला नाही. पाते सागवानात अर्धा इंच गेले आणि तेथेच रुतले. त्यांनी फळी रेटली. जळका वास आला, कापलेली कड काळी पडली, पाते तुटले. दुसरे लावले, तेही तुटले. चौथ्या पात्यानंतर यंत्र बंद करून ते बराच वेळ त्या काळ्या रेघेकडे पाहत राहिले. वडिलांनी तीस वर्षे ज्या झाकणावर हात टेकून हिशेब केला, त्यावर आपण अर्ध्या तासात डाग पाडला, ही बोच पाती वाया गेल्याच्या दुःखाहून मोठी होती.

दुसऱ्या दिवशी दाराची चौकट दुरुस्त करण्यासाठी मिस्त्री आले होते. हे यंत्र त्यांनी कधी चालविले नव्हते. पण लाकडात हयात गेलेली. त्यांनी तुटलेले पाते बोटांत धरून उजेडाकडे केले आणि म्हणाले, “शेटजी, दाते एवढे बारीक, लाकूड एवढं जाड. मंग भुसा जाईन कुठं?”

सारे गणित या एका प्रश्नात होते. दोन दात्यांमधील खाच ही भुसा बाहेर नेणारी टोपली होय. टोपली लहान आणि लाकूड जाड असेल, तर भुसा आतच दाटतो, घर्षण वाढते, पाते तापते, लाकूड करपते. गृहस्थांनी कागद घेतला. दोन-शून्य पात्याला इंचाला सुमारे 28 दाते. फळी 18 मिलिमीटर जाड. म्हणजे एका वेळी जवळजवळ वीस दाते लाकडात अडकलेले. पाच क्रमांकाच्या पात्याला इंचाला साडेबाराच्या आसपास. म्हणजे आठ-नऊ दाते लाकडात. उलट 3 मिलिमीटरच्या प्लायवर हेच पाच क्रमांकाचे पाते लावले, तर जेमतेम दीड दाता लाकडात राहील आणि प्लाय धडधडून चिरफाळेल. तेथे दोन-शून्यच योग्य, कारण किमान तीन दाते सतत लाकडात असावेत, असा या कामाचा नियम आहे. म्हणजे माल वाईट नव्हता. गिऱ्हाइकाने आपली गरज न पाहता भाव पाहिला होता. पोत्यात परखी घातल्याशिवाय एक पोते न उचलणाऱ्या माणसाने बारा डझन पाती नमुना न पाहता उचलली होती.

या खेपेस त्यांनी आधी चौकशी केली. पात्याच्या टोकाला आडवी पिन असेल तर ते बसवायला सोपे. पण जाळीच्या प्रत्येक घरासाठी ती पिन आरपार जाईल एवढे मोठे भोक पाडावे लागते. बिनपिनेचे सपाट पाते दीड मिलिमीटरच्या भोकातूनही जाते. म्हणून नाजूक जाळीला तेच हवे. खालच्या टोकाचे काही दाते उलटे असलेले पाते घेतले, तर फळीच्या खालच्या बाजूचे तंतू कमी उचकटतात. पिळाचे पाते चारही दिशांना कापते, म्हणून नवख्याला मोह होतो. पण ते रेषा सोडून भरकटते आणि कड खडबडीत ठेवते. शेवटी त्यांनी उलट्या दात्यांची, सपाट टोकांची पाच क्रमांकाची दोन डझन आणि सात क्रमांकाचे एक डझन एवढीच पाती घेतली.

मग पंधरा दिवस जुन्या चौकटीच्या तुकड्यांवर सराव चालला. दात्यांची टोके खाली हवीत. पाते सैल असेल तर वळणावर कलते, म्हणून ते असे ताणावे की बोटाने छेडल्यास तारेसारखा स्वच्छ स्वर यावा. बहुतेक पाती किंचित एका बाजूला ओढतात. तेव्हा रेषेशी झगडण्याऐवजी फळीच थोडी तिरकी धरावी. सागवान पात्याची धार लवकर घालवते. तेव्हा कापणे मंदावले की जोर न वाढविता पाते बदलावे. हे शेवटचे त्यांना सर्वांत कठीण गेले. धार गेलेली वस्तू टाकून देण्याची व्यापाऱ्याच्या हाताला सवय नसते. मिस्त्री जाता-येता थांबत आणि म्हणत, “तुमी नका रेटू शेटजी, तिले तिच्या चालीनं जाऊ द्या.”

सहारनपूरच्या जाळ्या आणि म्हैसूरच्या शिसवी जडावकामातील नाजूक तुकडे पाहून लोक कारागिराच्या हाताची तारीफ करतात. कोणत्या लाकडाला कोणते पाते, हा त्या हाताने आधी केलेला निर्णय मात्र कोणाला दिसत नाही.

चातुर्मास सुरू होण्याच्या आदल्या दिवशी ठवणी तयार झाली. जाळीची घरे एकसारखी नव्हती. डाव्या कडेला ती अर्ध्या इंचाची काळी रेघही राहिली होती. घासून ती निघाली असती, पण त्यांनी ठेवली. मातोश्रींनी पोथी ठवणीवर ठेवली, रेघेवरून बोट फिरविले आणि विचारले, “हे काय?”

“ती शिकण्याची फी, आई.”

“मग महाग नाही पडली,” एवढे बोलून त्यांनी पान उघडले. पोथी हलली नाही.

दोन-शून्य क्रमांकाची उरलेली पाती कपाटात आहेत. सुट्टीत नात त्यांनी पातळ प्लायची अक्षरे कापते. तिच्या हातून अजून तरी फारशी पाती तुटलेली नाहीत. कारण तिला प्रथम टाकाऊ तुकडाच दिला जातो.