लेखक आणि लिहविता

एकोणिसाव्या शतकातील अनेक प्रवासवर्णनांमागे सोबत चालणारा किंवा लिहिण्याचा आग्रह धरणारा एखादा स्नेही उभा असतो, आणि त्या स्नेहाचे काय झाले हे पाहिल्याशिवाय ग्रंथाचा विचार पुरा होत नाही. हिमनद्यांचे, म्हणजे स्वतःच्या भाराने उतारावरून संथपणे सरकणाऱ्या बर्फाच्या प्रवाहांचे, अभ्यासक लुई अगासी आणि जेम्स फोर्ब्स १८४१ साली आल्प्समधील उंटेरआर हिमनदीवर एकत्र राहिले. परंतु बर्फातील पट्ट्यांची रचना प्रथम कोणी ओळखली यावरून त्यांचे बिनसले, आणि १८४३ मध्ये फोर्ब्सचे आल्प्सवरील पुस्तक निघाले तेव्हा मैत्रीच्या जागी वाद उभा होता.

कोकणातील उदाहरण निराळे आहे. पेण परिसरातील वरसईचे (तेव्हाचा कुलाबा, आजचा रायगड जिल्हा) विष्णुभट गोडसे हे कर्जाने गांजलेले भिक्षुक, म्हणजे पौरोहित्यावर निर्वाह करणारे ब्राह्मण. ग्वाल्हेरच्या राजघराण्यातील बायजाबाई शिंदे मथुरेस यज्ञ करणार असल्याचे ऐकून ते दक्षिणा मिळण्याच्या आशेने १८५७ मध्ये चुलत्यांसह उत्तरेकडे निघाले आणि पुढच्या वर्षी, उठावाच्या धामधुमीत, इंग्रजांनी झाशीला घातलेल्या वेढ्यात सापडले. लूट आणि कत्तल पाहून ते परतले ते गंगाजलाची कावड घेऊन, आणि त्या जलाने त्यांनी आईवडिलांना स्नान घातले.

सुमारे पाव शतकानंतर इतिहासकार चिंतामणराव वैद्य यांच्या आग्रहावरून विष्णुभटांनी हा वृत्तांत लिहिला. तो त्यांच्या हयातीत छापला गेला नाही. वैद्यांनी १९०७ मध्ये तो 'माझा प्रवास' या नावाने प्रसिद्ध केला, परंतु भाषा आणि मजकूर बराच बदलून. हा फेरफार खटकतो, आणि खटकलाच पाहिजे, कारण या लेखनाचे मोल एका गरीब भिक्षुकाच्या नजरेत आणि त्याच्या बोलण्याच्या वळणात आहे. शिष्ट ग्रंथभाषेने नेमके तेच झाकले जाते. तरीही वैद्यांनी मागितले नसते तर विष्णुभटांनी लेखणी उचलली असती असे मानण्यास आधार नाही. शिवाय मूळ हस्तलिखित वैद्यांनी जपले आणि पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या स्वाधीन केले, त्यामुळेच इतिहास संशोधक दत्तो वामन पोतदारांना १९६६ मध्ये मुळाबरहुकूम पाठ प्रसिद्ध करता आला आणि वैद्यांनी काय बदलले होते हेही वाचकांना ताडून पाहता आले.