हातालाही शिक्षण हवे

दातांवरचे कीटण काढणे, दात घासून स्वच्छ करणे, लोकांना दातांची निगा शिकवणे, अशी डेंटल हायजिनिस्टच्या कामाची व्याख्या १९४८ च्या डेंटिस्ट्स ॲक्टने केली. तरी दवाखान्यात तिला 'साफसफाईवाली' समजले जाते. सफाईला हलके ठरवणारी ही नजर कुठून येते, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

आम्ही वस्तीतल्या ज्या मुलींसोबत काम करतो, त्यांतल्या काहीजणी या कामात आहेत. पुढचे शिक्षण म्हणून त्यांच्या वाट्याला येतात स्लाइड्स आणि प्रमाणपत्र. पण क्युरेटचे पाते दाताला कोणत्या कोनात टेकवायचे, बोथट धार दगडावर कशी लावायची, हे स्लाइड बघून येत नाही. मॉडेलच्या दातांवर, शिकवणाऱ्याच्या नजरेखाली हात चालवावा लागतो. धार बोथट असेल तर कीटण निघत नाही, वरून फक्त गुळगुळीत होते. हिरडीचा आजार आत तसाच राहतो आणि जोर लावून तिचे मनगटही दुखावते.

मग अशा वर्गाची फी आणि बुडालेला पगार तिनेच का सोसायचा? सरकारी दंत महाविद्यालयांनी प्रयोगशाळा खुल्या कराव्यात, दवाखान्यांनी त्या दिवसाचा पगार द्यावा. 'शिका' म्हणजे हातानेही शिका. ही मागणी संघटित होऊनच करावी लागेल.

जयभीम!