मागच्या चाकाची घरघर

गाडीची पुढची चाकं बोलकी असतात. जरा बिनसलं की स्टिअरिंग थरथरतं, हाताला लगेच कळतं. मागच्या चाकाचं दुखणं मात्र कानानेच ओळखावं लागतं. बेअरिंग जायला लागलं की आधी बारीक गुणगुण सुरू होते. वेगाबरोबर ती चढत जाते. गाडी न्यूट्रलला टाकली, इंजिनाचा आवाज खाली आला, तरी ती चालूच. पुढे तिचीच घरघर होते. बहुतेक जण टायरला दोष देतात, काच वर घेतात, गाणी मोठी करतात. मला तो आवाज ऐकून राहवत नाही. मागच्या सीटवर मुलं आणि म्हातारी माणसं बसतात, तीही त्याच चाकांच्या भरवशावर.

उजवं गेलं की डावं, हे वळण सांगतं. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो. तेव्हा घरघर वाढली तर बहुधा उजवं. आपल्या घाटांत ही परीक्षा आपोआपच होते.

आणि घाटाखालीच बेअरिंगचा खरा वैरी बसलेला असतो, पाणी. उतारावर ब्रेक दाबून दाबून ड्रम तापलेला असतो. तशीच गाडी फरशी पुलावरच्या पाण्यात घातली की तो एकदम निवतो, आतली हवा आकसते आणि झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढून घेते. ग्रीस दुधाळ होतं, पोलादाला गंज धरतो. बाहेरून काहीही दिसत नाही.

चाक आणि आस यांचं हे घर्षण फार जुनं. बैलगाडीच्या आसाला वंगण घालत ते त्याचसाठी. वेल्समधल्या फिलिप व्हॉन यांनी १७९४ साली घोडागाडीच्या आसासाठी गोळ्यांच्या बेअरिंगचं पेटंट घेतलं आणि घासण्याच्या जागी गडगडणं आलं. १९८३ साली रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० चं मागचं चाक त्याच कल्पनेवर फिरलं.

तिच्या मागच्या ड्रममध्ये दोन बॉल बेअरिंग, मध्ये स्पेसर. कामाआधी पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावायचे, कारण हँडब्रेक मागच्याच चाकांना धरतो आणि ड्रम काढायचा तर तो सोडावा लागतो. जॅकवर विसंबायचं नाही, घोडी लावायची. मग डस्ट कॅप, कॉटर पिन, नट, आणि ड्रम ओढून बाहेर. जुनं बेअरिंग रॉकेलने धुऊन उजेडात धरावं. रेसवर, म्हणजे गोळ्या फिरतात त्या खाचेवर, जिथे चेहरा दिसायला हवा तिथे खवले निघालेले असतात, नखाला अडतील एवढेच खड्डे. एखादी गोळी निळसर पडलेली, म्हणजे ग्रीस संपल्यावर ती कोरडीच तापत राहिली होती.

नवं बेअरिंग ड्रममध्ये बसवताना जोर फक्त बाहेरच्या रिंगवर यायला हवा. आतल्या रिंगवर हातोडा पडला की घाव गोळ्यांमधून रेसवर उमटतो, आणि नवंकोरं बेअरिंग काही दिवसांतच गुणगुणू लागतं. मग दुकानदाराच्या नावाने बोटं मोडली जातात. म्हणून प्रेस हवाच. ग्रीसही ठासून भरायचं नाही. जादा ग्रीस घुसळून तापतं आणि सील ओलांडून ब्रेक शूवर उतरतं. जुन्या गाड्यांतली उघडी बेअरिंग भरताना जाणता मिस्त्री तळहातावर ग्रीसचा गोळा घेतो आणि बेअरिंगची कड त्यात दाबत राहतो, पलीकडून ग्रीस डोकावेपर्यंत. गॅरेजमधलं इतकं देखणं काम मी दुसरं पाहिलेलं नाही. आताच्या बऱ्याच गाड्यांत हब आणि बेअरिंग एकत्रच येतात. आवाज आला की अख्खा जोड बदलायचा.

गॅरेजमध्ये प्रेस आहे का, हे आधी विचारा. सील आणि कॉटर पिन नवीच मागा. वाकवलेली जुनी पिन पुन्हा घालू देऊ नका. आणि पावसाळ्याआधी मागची चाकं एकदा उचलून हाताने फिरवून घ्या, वर-खाली धरून हलवून बघा. चाक डगडगलं, तर त्या गाडीत मुलांना बसवून घाट चढू नका.