यादीबाहेरचा गेम

दोस्तांनो, परवा आमच्या वाचनालयात सातवीतल्या एका मुलानं मला चांगलंच पेचात पकडलं. तिथले कॉम्प्युटर मी सांभाळतो. ठरावीक सहा प्रोग्राम सोडले, तर त्यांवर दुसरं काही सुरूच होत नाही. तो म्हणाला, "काका, तुमचा आमच्यावर विश्वास नाही का?"

उत्तरासाठी मला थेट १९९९ सालात जावं लागलं. तेव्हा मी आठवीत होतो. शाळेत विंडोज ९५चे चार कॉम्प्युटर होते आणि सरांनी त्यांवर अशीच यादी घातली होती. चित्रं काढा, टाइप करा, बस्स! गेमवर क्लिक केलं, की 'मनाई आहे' अशा अर्थाची इंग्रजी पाटी यायची. पण मला एक गंमत कळली. ती यादी फक्त फाइलचं नाव बघायची! मी फ्लॉपीवरच्या गेमला चित्रांच्या प्रोग्रामचं नाव दिलं आणि गाडी सुसाट! हजेरी घेताना सर मान वर करत नसले, की मित्राची 'हजर' आपणच ठोकतो ना, अगदी तसंच. वर्गात माझा काय भाव वधारला म्हणून सांगू!

त्याच वर्षी २६ एप्रिलला सीआयएच नावाच्या व्हायरसनं जगभरातले कितीतरी कॉम्प्युटर बंद पाडले. आमच्या शाळेतलेही दोन. प्रोग्रामच्या फाइलीत दडून तो एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर जायचा आणि त्या तारखेला हार्ड डिस्कवरची माहिती खराब करायचा. वर्गातल्या एका मैत्रिणीनं दोन महिने खपून शाळेचा वार्षिक अंक टाइप केला होता. तो गेला. व्हायरस माझ्याच फ्लॉपीतून आला का? कोण जाणे! पण सरांनी विचारलं, तेव्हा मी मान खाली घालून गप्प बसलो, हे मात्र पक्कं आठवतं.

पुढे कुलपं हुशार झाली. २००१च्या विंडोज एक्सपीपासून फाइलच्या आतल्या मजकुरावरून एक आकडा काढून तो यादीत ठेवता येऊ लागला. जणू अंगठ्याचा ठसाच! गेमला कितीही नावं द्या, ठसा गेमचाच राहतो.

हे सगळं मी त्या मुलाला सांगितलं. म्हटलं, "विश्वास आहे रे! पण तुझ्याआधी इथं कुणीतरी बसलं होतं, तुझ्यानंतरही कुणीतरी बसणार. त्यांचंही काम यात आहे."

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "काका, त्या ताईंना तुम्ही कधी सांगितलंत का?"

नाही, दोस्तांनो. आज या पानावरून सांगतो आहे.