कोल्डप्लेला आवाज नव्हता का?

मंडळी, जरा मोठं लिहितोय. सवडीने वाचा.

परवा विसर्जन मिरवणुकीतल्या डीजेवर पोस्ट टाकली. शिव्या आल्या, त्याची आता सवय झालीय. पण एका पोराने वेगळंच केलं. माझाच जानेवारीतला फोटो शोधून काढला आणि कमेंटमध्ये डकवला. फोटोत मी आणि माझी लेक, मागे नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम, दोघांच्या मनगटावर चमकणारे पट्टे. खाली एकच ओळ : "साहेब, कोल्डप्लेला आवाज नव्हता का? का इंग्रजी असलं की कान दुखत नाहीत?"

त्या कमेंटला माझ्या पोस्टपेक्षा जास्त लाइक पडले. प्रश्न चुकीचा नाही, म्हणून उत्तर द्यायला चार दिवस घेतले.

आधी हे कोल्डप्ले प्रकरण काय ते सांगतो. पुण्यात पत्रकारितेचा डिप्लोमा करत होतो तेव्हा रूममेटकडे 'पॅराशूट्स'ची कॅसेट होती. हा त्यांचा पहिला अल्बम, २००० सालचा. इंग्रजी निम्मं डोक्यावरून जायचं. पण रविवारी रात्री मेस बंद असायची, चहा-बिस्किटावर भागवायचं, अशा वेळी ती हळू गाणी बरी वाटायची. पुढे २००२ चा 'अ रश ऑफ ब्लड टू द हेड' आला. मी तिथेच थांबलो. नंतरचे अल्बम म्हणजे नुसती रोषणाई, असं माझं ठाम मत.

लेक अकरावीत आहे. ती या बँडकडे उलट्या दाराने आली. कोरियाच्या बीटीएसबरोबर त्यांनी २०२१ मध्ये 'माय युनिव्हर्स' केलं, तिथून. त्यामुळे आमच्या घरात वाद कायमचा. मी म्हणणार जुनं ते सोनं, ती म्हणणार, "पप्पा, तुमच्या वेळचं सगळंच रडकं." 'विवा ला विदा'वर फक्त आमचं एकमत होतं. गायक ख्रिस मार्टिन म्हणालाय की बारा अल्बम झाले की नवीन काढणं थांबवणार. २०२४ चा 'मून म्युझिक' दहावा. म्हणजे बघायचं तर आत्ताच, हा तिचा हिशोब.

२२ सप्टेंबर २०२४ ला दुपारी बाराला तिकीटविक्री सुरू झाली. घरातले तिन्ही फोन कामाला लावले होते. रांगेत आमचा नंबर लाखांत. अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंतची तिकिटं बघता बघता गेली आणि लगेच बाहेर कित्येक पटींनी विकायला आली. लेक दोन दिवस धड जेवली नाही. मग २२ नोव्हेंबरला २,००० रुपयांची 'इन्फिनिटी' तिकिटं निघाली. एकाला दोनच, आणि घ्यायची तर जोडीने. जागा कुठली ते त्या दिवशी तिथे गेल्यावरच कळणार. ती आम्हाला लागली. चार हजार माझ्यासारख्याला कमी नाहीत, पण दिले.

१९ जानेवारी, रविवार. पहाटेच्या गाडीने कराडहून निघालो. जागा वरच्या स्टँडमध्ये मिळाली, स्टेज लांब पण सगळं मैदान दिसत होतं. आत शिरताना मनगटाला पट्टा दिला. गाणं सुरू झालं की हजारो पट्टे एकदम रंग बदलतात. काय दिसतं ते! मी पत्रकार माणूस, लगेच फोन वर केला. आपल्या पेजला व्हिडिओ चालेल, एवढंच डोक्यात.

आता जे सांगतोय ते फोटो टाकताना सांगितलं नव्हतं.

मी किती वेळ हात वर धरून उभा होतो मला कळलंच नाही. शेवटी मागून कुणीतरी खांद्याला हात लावला. कॉलेजची मुलगी होती. म्हणाली, "काका, हात जरा खाली घ्या ना, मघापासून सांगतेय." मी वळून म्हटलं, "प्रेस आहे, दोनच मिनिटं." आणि परत फोन वर. लेक काही बोलली नाही. बाजूला सरकली फक्त, जणू मी तिच्याबरोबर आलेलोच नाही.

'अ स्काय फुल ऑफ स्टार्स' सुरू झालं तेव्हा मार्टिनने गाणं मध्येच थांबवलं आणि सांगितलं, आता हे एक गाणं फोन खिशात ठेवून ऐका. हे तो ठिकठिकाणी करतो, लेकीला आधीच माहीत होतं. आमच्या अवतीभवतीचे सगळे हात खाली गेले. एक राहिला, माझा. लेक म्हणाली, "पप्पा, आता तरी." तेव्हा ठेवला. त्या मुलीला सॉरी म्हटलं. ती हसली आणि उड्या मारायला लागली. मीही मारल्या, गुडघे सांभाळून.

परतीच्या गाडीत व्हिडिओ लावला. चित्र हललेलं, स्टेज बोटाएवढं. पण आवाज नीट ऐकू येत होता. गाण्याच्या मागून एक बारीक आवाज, "काका... काका, प्लीज... काका." तीन वेळा. मला तेव्हा एकदाही ऐकू आला नव्हता. तो व्हिडिओ मी पेजवर टाकला नाही. डिलीटही केला नाही.

आता त्या पोराकडे येतो. कमेंटमध्ये भांडण्यापेक्षा त्याला दत्त चौकात चहाला बोलावलं. आला. मंडळाचा कार्यकर्ता, दिवसा गॅरेजला काम करतो. म्हणाला, "साहेब, तुम्ही चार हजार घालून नाचून आलात. आमच्या पोरांना वर्षात ही एकच रात्र. आमचं कोल्डप्ले तेच." मला पटकन उत्तर सुचलं नाही. आवड ज्याची त्याची. त्याच्या गाण्याला नाक मुरडायचा मला अधिकार नाही, आणि कधीकधी माझ्या लिखाणात ते नाक मुरडणं उतरतं, हे त्याने बरोबर पकडलं होतं.

कोल्डप्लेला आवाज होता का? होता, छातीत धडधडेल इतका. पण तिकीट काढून आलो होतो आम्ही, नको झालं तर उठून जाता येत होतं. आणि दहाच्या सुमारास सगळं बंद झालं. तरी त्याचं अर्धं खरं आहे. नेरूळच्या आजूबाजूच्या इमारतींतल्या लोकांनी कुठे तिकीट काढलं होतं? त्यांना तो आवाज आणि ती ट्रॅफिक फुकटच मिळाली. म्हणजे नियम लावायचा तर दोघांना सारखा.

नियम आहे, २००० सालचा. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्री दहा ते सकाळी सहा स्पीकर बंद. सणासाठी सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं. आपल्याकडे इथेच गफलत होते. सूट वेळेची असते. आवाजाची मर्यादा बारापर्यंतही तीच. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५, यातलं जे कमी असेल ते. भिंतीसारखे स्पीकर रचल्यावर तिथे किती भरतं, हे कुणी सांगायची गरज नाही.

मी त्याला आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या काकांबद्दल सांगितलं. बायपास झालेली. मिरवणुकीच्या रात्री खिडक्यांना गाद्या लावून बसतात. ते खाली येऊन "बाळांनो, कमी करा" म्हणाले होते. पोरगा म्हणाला, "आमच्यापर्यंत आलंच नाही कुणी. आईशप्पथ, ऐकूच आलं नाही."

मी फोन काढून त्याला तो व्हिडिओ दाखवला. कानाला लावून त्याने दोनदा ऐकला. मग म्हणाला, "तुम्ही पण साहेब..." आणि हसला. मीही हसलो. दुसरं काय करणार?

मी म्हणायचो माझं काम आहे, ते म्हणतात देवाचं काम आहे. दोन्हीकडे मागचा माणूस ऐकू येत नाही. कोल्डप्लेचे प्रेक्षक काही जन्मजात सभ्य नव्हते. पट्टे परत करायचे होते, तरी खिशात घालून नेणारे मी डोळ्यांनी बघितले. फरक एवढाच, की स्टेजवरच्या माणसाने सांगितलं, थांबा. ज्याच्या हातात माइक आहे त्याने सांगितलं की लोक ऐकतात. आपल्या मिरवणुकीत माइक मंडळाच्या अध्यक्षाच्या हातात असतो, नाहीतर पुढाऱ्याच्या. ते कधी थांबा म्हणत नाहीत.

आमचं ठरलंय ते असं. पुढच्या वर्षी गणपतीआधी शांतता समितीच्या बैठकीला तो आणि मी दोघं जाणार. आमच्या गल्लीतून मिरवणूक जाताना आवाज उतरवायचा आणि काकांच्या दारात ढोल-ताशाही थांबवायचा, हे त्याचं मंडळ आधी कबूल करणार. बाकीच्यांचं नंतर बघू. होईल की नाही माहीत नाही. तोही म्हणाला, "शब्द देत नाही, प्रयत्न करतो."

आणि मी माझ्याकडून सांगतो, यापुढे टाऊन हॉलला नाटक असो की गाणं, मी प्रेस म्हणून फोन वर करणार नाही. केलेला दिसलो तर खुशाल मागून खांद्याला हात लावा. पहिल्या हाकेला नाही ऐकू आलं, तर जरा जोरात.